आढळ: विपुल

१

संग्रहपालांचा दिवस ठरलेला असे, आणि तो तसाच राहावा म्हणून ते स्वतः डोळ्यांत तेल घालून जपत. नऊ वाजून पाच मिनिटांनी कुलूप उघडायचं. भिंतीवरच्या यंत्रात हवेतली ओल किती ते बघून वहीत टिपायचं. मग एकशे बारा लोखंडी कपाटांच्या दोन रांगांमधून शेवटपर्यंत चालत जायचं आणि जाताजाता प्रत्येक दाराला बोट लावायचं. बोट लावायची गरज होती असं नाही. पण एकतीस वर्षं लावलं होतं, आणि एक दिवस नाही लावलं तर दुपारपर्यंत त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटे.

त्या कपाटांत दीड लाख रोपं होती. वाळवलेली, दाबून सपाट केलेली, जाड पांढऱ्या कागदावर बारीक पट्ट्यांनी बसवलेली. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात एक लेबल: रोपाचं नाव काय, कुठे मिळालं, कोणी घेतलं, कधी घेतलं, तिथे किती होतं. इथली माणसं त्यांना नुसतं 'कागद' म्हणत. कागदाला कसर लागू नये म्हणून कपाटाकपाटात डांबरगोळ्या ठेवलेल्या असत, आणि तो वास संग्रहपालांच्या कपड्यांत असा काही मुरला होता, की ऑफिसात त्यांच्या माघारी त्यांना डांबरगोळी म्हणत. हे त्यांना माहीत होतं. बायको तर तोंडावर म्हणे, "तुम्हाला मेलं काही होत नाही. किडा जवळ येईल तर ना!"

निवृत्तीला पाच आठवडे उरले होते, तेव्हा एका सोमवारी संचालकबाई हातात पत्र घेऊन आल्या. त्या वयानं लहान, पण या माणसाला सर म्हणत आणि मनापासून म्हणत.

"सर, तुमच्या रोपाची चौकशी आलीये."

पत्र दूरदेशीच्या एका मोठ्या बागेतून आलं होतं. जगात कुठली रोपं संपत आलीत याची यादी ही मंडळी ठेवतात आणि जमेल तेवढी वाचवतात. संग्रहपालांनी तरुणपणी शोधलेलं, तेरड्याच्या कुळातलं ते ओल्या कड्यावरचं रोप या बागेच्या मंडळींना तीन पावसाळे शोधून सापडलं नव्हतं. जगभरात त्याचा एकच कागद होता आणि तो इथे होता.

"दोन गोष्टी विचारल्यात," संचालकबाई म्हणाल्या. "लेबलवर 'आढळ: विपुल' असं आहे, तर नेमकं कुठे नि किती होतं. आणि दुसरं, कागदावर एखादं बोंड आहे का. जुन्या कागदावरच्या बीपासून त्यांनी एकदा रोप उगवून दाखवलंय म्हणे. एक बी मिळालं तरी पुरे, असं लिहिलंय बघा."

"बघतो," संग्रहपाल म्हणाले.

"शुक्रवारपर्यंत कळवाल?"

"कळवतो ना."

त्या गेल्यावर त्यांनी सत्तेचाळीस नंबरचं कपाट उघडलं. लाल किनारीचं फोल्डर बाहेर काढलं, टेबलावर उघडलं. पाच पानं, एक फूल, मुळांचा झुबका. सगळं तपकिरी, जसं असायला हवं तसं. बोंड नव्हतंच, हे त्यांना बघायच्या आधीही माहीत होतं. फोल्डर मिटताना त्यांचं बोट कागदावर टेकलं आणि त्यांनी ते चटकन उचललं. कागद ओला होता.

२

आता ते लेबल खोटं होतं, हे सांगून टाकायला हवं. जगात ते एकट्या संग्रहपालांना ठाऊक होतं.

लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. नोकरी कच्ची होती, साहेब नवीन काहीतरी आणा म्हणून पाठीस लागलेला. बायकोला घेऊन ते त्या कड्यावर गेले. तिनं टिपकागदांचा गठ्ठा धरला होता, यांनी रोपं दाबायच्या प्रेसच्या लाकडी फळ्या. दगडाच्या खाचेत, पाणी ठिबकत होतं तिथे, ते रोप उभं होतं. पाच पानं आणि नुकतंच उमललेलं फिकट जांभळं फूल. असं फूल कुठल्याच पुस्तकात नाही, हे त्यांनी बघताक्षणी ओळखलं.

या धंद्याचा एक साधा नियम आहे. वीस रोपं दिसली तर एक घ्यावं. एकच दिसलं तर फोटो काढावा, जागा टिपावी आणि हात मागे घेऊन घरी यावं.

"एकटंच आहे बिचारं," बायको म्हणाली होती. "राहू दे ना."

"पलीकडे असतील आणखी. बघून येतो." असं म्हणून ते कड्याच्या वळणाकडे गेले आणि थोड्या वेळानं परत आले. "भरपूर आहेत," म्हणाले. चारची बस होती, त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशी. बायकोनं टिपकागद पसरला. त्यांनी रोप मुळासकट काढलं, मुळं धुतली, पानं सरळ केली. तिसरं पान तेवढं उलटं ठेवलं, कारण पानाची मागची बाजूही दिसावी अशी रीत आहे. मग फळ्या आवळल्या.

साहेबानं विचारलं, "किती होतं तिथे?" एकच होतं म्हटलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, मग काढलंत कशाला. त्यांनी लिहिलं, 'विपुल'. नोकरी पक्की झाली. रोपाचं नाव पुस्तकात गेलं आणि नावाच्या शेवटी संग्रहपालांचं नाव लागलं.

विपुल असलेल्या रोपाची चिंता कोण करतो? ते कुठल्या यादीत आलं नाही. बारा वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला तो कडा फोडायचं ठरलं, तेव्हा हरकत आहे का म्हणून याच ऑफिसला विचारलं होतं. संग्रहपालांनी फाईल टेबलावर दोन दिवस ठेवली आणि तिसऱ्या दिवशी 'हरकत नाही' म्हणून सही केली.

३

ओल कशी आली असेल, याची कारणं त्यांनी मंगळवारी सकाळी शोधून काढली. एसीचं पाणी. आपल्याच बोटांचा घाम. कपाटाच्या दाराचं रबर. रबर बघितलं तर शाबूत होतं. शेजारचे कागद कोरडे ठणठणीत होते. ओल एवढ्या एकाच कागदाला होती आणि तीही मुळांपाशी.

गुरुवारी स्कॅनरवाले त्या कपाटापर्यंत पोचले. हे चाळिशीचे गृहस्थ, कंत्राटावर आलेले, दिवसाला दोनशे कागदांची चित्रं काढत आणि तोंडानं सतत काहीतरी गुणगुणत. त्यांचं गुणगुणणं थांबलं म्हणून संग्रहपालांनी मान वर केली.

"सर, याचं फूल कुठे गेलं?"

"कशाचं?"

"या तुमच्या रोपाचं. पुस्तकातल्या फोटोत आहे. इथे नाही."

संग्रहपाल उठले. फूल नव्हतं. त्या जागी फक्त देठ होता. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. जुन्या कागदावरून पानं-फुलं गळतात, म्हणून तर प्रत्येक कागदाला एक छोटं पाकीट चिकटवलेलं असतं. त्यांनी पाकीट उघडलं. रिकामं. फोल्डर झटकलं, कपाटाचा तळ चिमट्यानं चाचपला, शेवटी या वयात गुडघे टेकून जमीन पाहिली.

"जाऊ दे हो सर," स्कॅनरवाले म्हणाले. "एकतीस वर्षांत आपले केस गेले, त्याचं फूल गेलं तर काय एवढं." स्वतःच्या टकलावरून हात फिरवून ते हसले. मग मशीनवर वाकले आणि जरा वेळानं म्हणाले, "देठाला हे हिरवं काय आहे पण?"

"बुरशी असेल," संग्रहपाल म्हणाले.

बुरशी नव्हती. बुरशी कशी दिसते हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. देठाच्या टोकाशी, फूल होतं तिथे, ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी फुगलं होतं आणि ते हिरवंगार होतं.

४

शुक्रवारी त्यांनी संचालकबाईंना सांगितलं, पुढच्या शुक्रवारी कळवतो. पुढच्या शुक्रवारीही तेच सांगितलं.

घरी जेवताना बायको म्हणाली, "हल्ली तुम्ही हात फार धुता."

"मातीचा वास येतो."

"तुम्हाला? तुम्हाला डांबरगोळीशिवाय कसला वास येईल तो सुदिन." मग तिनं पोळी वाढता वाढता विचारलं, "काय झालंय ऑफिसात?"

त्यांनी पत्राचं सांगितलं. निम्मंच सांगितलं, ते रोप आता मिळत नाही, एवढंच.

बायकोचा हात थांबला. "ते कड्यावरचं? मी कागद धरला होता ते?"

"हं."

"पण तिथे तर भरपूर होती. तुम्ही बघून आला होतात."

"एकतीस वर्षं झाली. रस्ता झाला मध्ये."

"अगंबाई," ती म्हणाली. "सगळी गेली?" आणि तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. तिनं त्या एका रोपाला पुढे कित्येक वर्षं आपलं रोप म्हटलं होतं. पाहुण्यांना पुस्तकातला फोटो काढून दाखवायची. त्या क्षणी सांगून टाकावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी ताकाचा पेला तोंडाला लावला.

५

देठावरच्या एका हिरव्या दाण्याचे तीन झाले होते. फूल एकच होतं, पण बोंडं तीन धरली, आणि हे शास्त्राच्या कुठल्या पानावर बसतं याचा विचार करणं संग्रहपालांनी सोडून दिलं होतं. ते रोज सकाळी ओलीचा आकडा टिपत, कपाटांना बोट लावत निघत, आणि सत्तेचाळीसपाशी आले की बोट न लावता पुढे जात. मग अकराच्या सुमाराला, स्कॅनरवाले चहाला गेले की, परत येऊन दार उघडत.

पानं अजून तपकिरी होती. पण खोड भरलं होतं. त्यांनीच तरुणपणी लावलेल्या कागदी पट्ट्या आता खोडात रुतत होत्या, आणि जिथे रुतत होत्या तिथे पाण्याचा बारीक थेंब जमला होता. ते बघून त्यांना भीती वाटली त्याहून जास्त वाईट वाटलं. पट्टी कात्रीनं कापावी, एवढं साधं त्यांच्या मनात आलं. कात्री खणातच होती. पण कागदाला हात लावला तर का लावला ते वहीत लिहावं लागतं.

बोंडं टपोरी झाली. तेरड्याचं बोंड पिकलं की नुसत्या स्पर्शानं तडकतं आणि बी उडतं, हे सगळ्यांना माहीत असतं. हातात तीन पिकती बोंडं होती, आणि एका बीसाठी तिकडे माणसं तीन पावसाळे कडे चढत होती. फक्त दार उघडून संचालकबाईंना हाक मारायची होती. पंधरा पावलांवर त्यांची खोली होती. संग्रहपालांनी ती पावलं मनात मोजली सुद्धा.

पण मग बाई येणार, कागद बघणार, फोटो काढणार, लेबल मोठं करून वाचणार. जगभरातून विचारणार, विपुल होतं ना, मग कुठे गेलं? पुढच्या आठवड्यात निरोप समारंभ होता. सत्तेचाळीस नंबरच्या कपाटावर त्यांच्या नावाची पितळी पट्टी बसवायचं घाटत होतं. समारंभ होऊन जाऊ दे, त्यांनी स्वतःला बजावलं. चार दिवसांनी काय बिघडतंय?

त्या दुपारी ते वहीत लिहीत बसले असताना बंद कपाटातून आवाज आला.

टक्.

लहानसाच. चिमटीत वाळकी काडी मोडल्यासारखा. स्कॅनरवाले गुणगुणत होते, त्यांना ऐकू गेला नाही. संग्रहपालांनी पेन खाली ठेवलं. पाच मिनिटं झाली. मग पत्र्यावर आतून कुणीतरी राईचे दाणे फेकावेत तसं तडतडलं आणि पुन्हा सगळं शांत झालं.

ते उठले. आपण काय करणार आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते नियमाप्रमाणेच होतं, हीच तर त्यातली गोम होती. ओल लागलेला कागद ताबडतोब फ्रीझरमध्ये टाकायचा, उणे तीसवर, सात दिवस. किडे मरतात, अळ्या मरतात, बुरशी मरते. वाळलेल्या बीला थंडीनं काही होत नाही. ओलं, ताजं बी मात्र आतून गोठून फुटतं. हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

फोल्डर उघडताना त्यांनी तोंड फिरवलं होतं. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवताना दुसरं बोंड त्यांच्या बोटांतच तडकलं. बी उडालेलं जाणवलं, गळ्यापाशी, स्वेटरवर. त्यांनी झटकलं. जमिनीवर शोधलं. काही दिसलं नाही. पिशवीचं तोंड बंद केलं आणि फ्रीझरचं झाकण दोन्ही हातांनी दाबून लावलं. वहीत लिहिलं: 'ओल आढळली. नियमानुसार उपचार.'

अक्षर नेहमीसारखं सुंदर आलं होतं.

६

समारंभ फ्रीझरच्या पाचव्या दिवशी झाला. वाचनालयात जागा कमी पडेल म्हणून तो तिथेच, कपाटांच्या दोन रांगांमधल्या जागेत ठेवला होता. बायको पहिल्या ओळीत बसली होती, नवी साडी नेसून. फ्रीझर तिच्या मागे भिंतीशी घरघरत होता.

स्कॅनरवाल्यांनी भाषण केलं. "सर म्हणजे या जागेची डांबरगोळी," ते बोलून गेले आणि जीभ चावली. पण संग्रहपालच आधी हसले, तेव्हा सगळे मोकळे होऊन हसले. संचालकबाई म्हणाल्या, "दीड लाख कागद यांच्या हाताखाली होते. एकतीस वर्षांत एक पान हरवलं नाही."

टक्.

टाळ्या वाजत होत्या, तरी त्यांना तो स्वच्छ ऐकू आला. तिसरं बोंड. पाच दिवस गोठवूनही ते पिकलं होतं. त्यांना वाटलं, आत्ता उठावं. पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवावा, दहा पावलं जावं आणि झाकण उघडावं. आत्ताही एखादं बी शाबूत असेल. लोक काय म्हणतील ते म्हणोत. त्यांचे पाय खरोखर हलले. तेवढ्यात संचालकबाई म्हणाल्या, "सर, दोन शब्द बोला," आणि ते उठले ते माइकपाशी गेले. काय बोलले ते त्यांना नंतर आठवेना. बायको म्हणाली, छान बोललात.

७

सातव्या दिवशी त्यांनी पिशवी उघडली. तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता.

कागद कोरडा होता. पाच तपकिरी पानं, त्यातलं तिसरं उलटं. मुळांचा झुबका. आणि देठाच्या टोकावर तपकिरी, चपटं, वाळलेलं फूल. होतं तसं. बोंड नाही, बोंडाची टरफलं नाहीत, पिशवीत एक बी नाही. खोडाला पट्ट्या सैल बसल्या होत्या. स्कॅनरवाल्यांकडचं चित्र त्यांनी मागवून पाहिलं. त्यातही फूल होतं.

"मला तर नव्हतं दिसलं त्या दिवशी," स्कॅनरवाले डोकं खाजवत म्हणाले. "चष्मा बदलायला झालाय बहुतेक."

म्हणजे काही घडलंच नव्हतं. संग्रहपालांच्या छातीवरचं ओझं उतरलं, अगदी क्षणभर, आणि आपल्याला हायसं वाटलं याची त्यांना लाज वाटली.

मग त्यांनी एक चिठ्ठी घेतली. कागदावरचं जुनं लेबल कधी खोडायचं नसतं. चूक असेल तर शेजारी नवी चिठ्ठी लावायची, खाली सही आणि तारीख. त्यांनी लिहिलं: 'वरील नोंद खोटी आहे. एकच रोप होते. मी ते घेतले.' खळ लावली, चिकटवली आणि फोल्डर घेऊन ती पंधरा पावलं चालून गेले.

संचालकबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग तिच्या शेजारचं जुनं लेबल वाचलं.

"बारा वर्षांपूर्वी कडा फोडला," शेवटी त्या म्हणाल्या. "तोवर मातीत बी असू शकलं असतं, सर."

"हो."

"तेव्हा सांगितलं असतंत तर..."

"हो," संग्रहपाल म्हणाले. गेल्या आठवड्यात सांगितलं असतं तरी, हे त्यांनी मनातच ठेवलं. ते सांगून कुणाला पटलं असतं? त्या दिवशी त्यांना कपाटावर पितळी पट्टी दिसली नाही. ती बसवायची राहून गेली, आणि मग राहूनच गेली.

८

घरी बसायची सवय नसलेला माणूस घरात नुसता आडवा येतो. बायकोनं त्यांना बाल्कनीतली खुर्ची दिली आणि तिथून हलू नका म्हणाली. ऑफिसचा बिनबाह्यांचा स्वेटर तिनं पहिल्याच दिवशी बाल्कनीत झटकून, धुऊन वाळत टाकला होता.

तीन आठवडे गेले. एका सकाळी ती झाडांना पाणी घालता घालता थांबली.

"अहो, इकडे या. हे काय आलंय बघा. रिकाम्या कुंडीत. मी तर काही लावलं नव्हतं."

ते उठले. कुंडी कठड्याशी होती, स्वेटर झटकला त्याच्या बरोबर खाली.

"वाळलंय म्हणावं, तर वाढतंय," बायको म्हणाली. "काल दोन पानं होती."

पाच पानं होती. तपकिरी. खोड चपटं होतं, पानं सगळी एका पातळीत, मागेपुढे कुठे वळलेली नाहीत. उभं होतं, पण बाजूनं पाहिलं तर जवळजवळ दिसतच नव्हतं. खोडावर दोन ठिकाणी फिकट आडवे पट्टे होते. तिसरं पान उलटं होतं. ऊन मागून येत होतं, आणि त्या पानाची मागची बाजू त्यांच्याकडे तोंड करून होती, शिरा न् शीर दाखवत. वारा आला तेव्हा रोप हललं नाही. नुसतं खरखरलं.

टोकाला फूल होतं. त्यातून बोंड कधीच धरणार नव्हतं. एवढं ओळखायला संग्रहपालांना भिंग लागत नव्हतं.

त्यांना आपला हात दिसला तेव्हा तो कुंडीत होता. बोटं खोडाभोवतीच्या मातीत दोन पेरं गेली होती आणि मुळं चाचपत होती. आपण हात कधी घातला हे त्यांना कळलं नव्हतं.

"एकटंच आहे बिचारं," बायको म्हणाली. त्याच आवाजात. "राहू दे ना."

त्यांनी हात काढला. या वेळी त्यांनी ऐकलं.

बायको कुंडीपाशी खाली बसली. ओल्या बोटानं तिनं ते तिसरं पान सरळ करून पाहिलं. बोट काढल्यावर ते पुन्हा उलटलं. तिनं पुन्हा सरळ केलं. ते पुन्हा उलटलं. तिनं वळून नवऱ्याकडे पाहिलं, आणि हे कुठलं रोप ते तिला कळलं आहे, हे त्यांना दिसलं.

"अहो," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "वळणापलीकडे खरंच भरपूर होती ना? तुम्ही म्हणालात म्हणून मी कागद पुढे केला."

एकच रोप होतं, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं. सही केली होती. आता त्यांना वाटलं, तीही नोंद खोटीच आहे.

"मी वळणापलीकडे गेलोच नाही," ते म्हणाले. "वळणावर उभा राहिलो. शंभर आकडे मोजले आणि परत आलो."

बायकोनं तांब्या जवळ ओढला. तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी कुंडीत ओतलं, सावकाश, मुळांपाशी. पाणी मातीत मुरेना. ते वरच राहिलं, आणि त्याखाली कुंडीतली माती ओल्या कागदासारखी फुगत गेली.